सिनेमात नाववाली नव्हती

सिनेमा संपला तेव्हा ऑफिसातले सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी खुर्चीखाली सरकलेली चप्पल पायाने चाचपत होते. मला तिथून बाहेर पडायचं होतं. बाहेर येऊन सगळे मक्याचे दाणे खात ग्राफिक्सचं कौतुक करायला लागले. वारा कसा दाखवलाय, त्या म्हाताऱ्या राजाचा किल्ला कसा केलाय, एकेका केसावर किती काम केलंय. आमच्या टीममधल्या एकाने मला विचारलं, "तुझं तर लहानपणीचं आवडतं पुस्तक ना? कसा वाटला?"

"नाववालीच गाळलीय," मी म्हणाले.

"कोण?"

मी सांगायला लागले आणि सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचं कुटुंब वळून बघायला लागलं. परतीच्या गाडीत कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही.

त्या वेळी मी हिंजवडीजवळच्या माणमध्ये राहत होते. दोन हजार सात किंवा आठ साल असावं. परभणी जिल्ह्यातून आलेली मुलगी, आयटी पार्कात टेस्टिंगचं काम, आणि घरमालकीण काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली. काकूंच्या भाताच्या खाचरांवर तेव्हा कंपनीची काचेची इमारत उभी राहत होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. दिवसभर कुठेतरी जेसीबी चाललेला असे. खिडकी उघडली की लाल धूळ, बंद केली की घुसमट. मला तिथे येऊन दीड वर्ष झालं होतं, तरी रोज सकाळी जाग आली की आपण कुठे आहोत हे आठवायला क्षणभर लागायचं.

पुस्तक माझ्या लहानपणीचं. एका गावातला वारा अचानक थांबतो. पिंपळाचं पान हलत नाही, खळ्यावर धान्य उफणता येत नाही. तेव्हा एक दहा वर्षांची मुलगी वारा कुठे अडकलाय ते शोधायला निघते. तिच्यासोबत एक टिटवी असते, तिला फक्त प्रश्न विचारता येतात. डोंगरांपलीकडे एका म्हाताऱ्या राजाने वारा कोंडून ठेवलेला असतो, कारण त्याच्याकडे एकच दिवा उरलेला असतो आणि तो विझेल अशी त्याला भीती वाटत असते. सिनेमावाल्यांनी टिटवीचा विनोद करणारा राघू केला होता आणि राजाला मोठं सैन्य दिलं होतं. तेही मी सोसलं असतं. पण वाटेत जी उलटी वाहणारी नदी होती, डोंगर चढत जाणारी, ती मुलीने राघूच्या पाठीवर बसून उडत ओलांडली. पाच सेकंदांत. खाली नावही नव्हती आणि नाव चालवणारी बाईही.

त्या बाईसाठी मी पुस्तकाचा तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकला होता. तिच्या नावेचं भाडं पैशात नव्हतं. नावेत बसणाऱ्याने आज आपण काय शिकलो ते तिला सांगायचं. सांगता आलं तर नाव पलीकडे, नाही तर नाव मधेच थांबायची आणि ती बाई शांतपणे वल्हं मांडीवर घेऊन बसायची. मुलीला काहीच सांगता येत नाही, तेव्हा ती म्हणते, "मग पाण्याकडे बघ. दिसेल ते सांग. तेही चालेल."

बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. संध्याकाळची जेवणं झाली की ते भिंतीला टेकून वाचून दाखवत आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत असे. आमच्याकडे दिवे कधीही जायचे. आई कंदिलाची काच पुसायला घ्यायची, पण बाबांचं वाचन थांबायचं नाही. "मला पाठ आहे," म्हणायचे आणि अंधारात पुढे सुरू. पुढे मी औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेले, मग पुण्याला आले, आणि प्रत्येक नव्या जागी संध्याकाळी परतताना कोणीतरी मला मनातून विचारायचंच, आज काय शिकलीस? माणच्या चौकात कंपनीच्या बसमधून उतरल्यापासून काकूंच्या जिन्यापर्यंत मी मनात उत्तर तयार करत असे. काही दिवशी काहीच नसायचं. मग मी उगाच खडीच्या ढिगाकडे नाहीतर कुत्र्याकडे बघायचे आणि दिसेल ते सांगायचे.

तर ती बाईच नाही, असा तो सिनेमा.

मला कामात लक्ष लागेना. दोन दिवसांनी मी सिनेमांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर भलंमोठं टिपण लिहिलं. नाववाली हा त्या पुस्तकाचा प्राण आहे आणि तिला वगळणाऱ्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही, असं त्यात ठणकावून लिहिलं. खाली एकाने विचारलं, "कुठली नाववाली? मला आठवत नाही." दुसऱ्याने लिहिलं, "मलाही नाही." मी त्यांना उत्तरं देत सुटले. टेस्टिंगची खिडकी मागे आणि ते पान पुढे. तिसऱ्याने नम्रपणे विचारलं, "ताई, कितव्या प्रकरणात आहे ते सांगता का?"

आमच्या घरची प्रत आईने कधीच रद्दीत दिली होती. मी शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेले. जुनी प्रत मिळाली नाही. सिनेमामुळे नवी आवृत्ती निघाली होती, मुखपृष्ठावर राघू. नाइलाजाने तीच घेतली आणि बसमध्ये उभ्याने चाळत आले. नदीपाशी पोचले. तिथे एक वाक्य होतं: "नदी ओलांडून ती पुढे निघाली."

बस. पुढच्या ओळीपासून किल्ला.

प्रकाशकाने सिनेमाशी जुळावं म्हणून पुस्तकही कापलं, या विचाराने मी इतकी संतापले की उतरायचा थांबा मागे पडला. घरी येऊन गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. खाली काकू तांदूळ पाखडत होत्या.

"काय गं, मगापासनं तरातरा चाललीयास. पाय दुखत न्हाईत व्हय?" त्यांनी खालूनच विचारलं.

"काकू, लोकांनी पुस्तकच कापलंय हो!"

"कुणाचं?"

"लहान मुलांचं आहे. गोष्टीचं."

काकूंनी सूप थांबवून वर बघितलं. "आगं, हितं लोकांनी आमचा डोंगर कापलाय आन तू गोष्टीला रडतीयास. जेवलीस का?"

मी जेवले नव्हते.

त्याच महिन्यात बाबा आले. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं. आई भावाच्या परीक्षेमुळे घरीच थांबली. ऑपरेशन नीट झालं. पुढचे काही आठवडे बाबा माझ्या खोलीत काळा चष्मा लावून बसलेले, खिडकी बंद, मी ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे. बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते जिन्यावरून खाली जायचे, काकूंशी बोलायचे, वर यायचे, पुन्हा खाली. आम्हा दोघांच्या येरझारांनी ती खोली अजूनच लहान वाटायची.

मी त्यांना सिनेमाबद्दल लगेच सांगितलं नाही. इतकी वर्षं पाठ असलेलं पुस्तक, त्यांनाही त्रास होईल असं वाटत होतं. पण पेपरातली जाहिरात त्यांनी बघितलीच. डॉक्टरांनी नंबरच्या चष्म्याची परवानगी दिली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "नव्या डोळ्याने पहिल्यांदा तो सिनेमा बघू."

"बाबा, फार वाईट केलाय."

"असू दे की. बघू तर."

मल्टिप्लेक्स त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. सरकत्या जिन्यावर माझा दंड घट्ट धरला. सिनेमा सुरू झाला आणि ते खुर्चीत पुढे सरकून बसले ते तसेच राहिले. पडद्यावर वारा थांबला, पिंपळ दगडासारखा स्तब्ध झाला, तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. राघूच्या विनोदांना ते मोठ्याने हसले. मी त्यांच्याकडे बघत होते, नदी जवळ आली तशी जास्तच. राघू उडाला. नदी संपली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

मध्यंतरात दिवे लागले. मी म्हणाले, "बघितलंत ना? नाववाली गाळली."

"कोण नाववाली?"

"बाबा! उलट्या नदीवरची. जिला शिकलेलं सांगावं लागतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. नव्या डोळ्याची पापणी अजून थोडी सुजलेली होती. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर एक प्रकारचं ओशाळं हसू आलं.

"ती पुस्तकात कुठं होती गं?"

"म्हणजे?"

"दिवे गेल्यावर वाचणार कसं? तू तर झोपायची नाहीस. मग काहीतरी सांगायचो की. पुस्तक काय मला पाठ होतं का!"

उरलेला सिनेमा मी बघितला नाही. पडद्याकडे तोंड होतं इतकंच. राघू, सैन्य, किल्ला सगळं समोरून जात होतं आणि मी बोटांची नखं कुरतडत होते. इतके दिवस मी अनोळखी लोकांशी भांडले ते कोणासाठी? त्या नम्र माणसाने प्रकरण विचारलं होतं आणि मी त्याला "आधी मूळ पुस्तक वाचा" असं सुनावलं होतं. पण लाजेपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. नाववाली जर पुस्तकातली नव्हती तर आणखी काय काय नव्हतं? टिटवीने राजाला विचारलेला तो प्रश्न? मुलीच्या परकराच्या ओच्यात बांधलेली चिंच?

रिक्षात बसताच मी एकेक विचारायला लागले. चिंच? "ते पुस्तकातलं असेल." टिटवीचा प्रश्न? "आता काय आठवतंय." दोन डोंगरांचं भांडण? बाबा चिडले. "अगं, तुला झोपवायचं होतं. काय कोर्टात उभं केल्यासारखं विचारायलीस!"

त्यानंतर आठवडाभर आमच्यात जरा ताण होता. मी ऑफिसातून येऊन राघूच्या मुखपृष्ठाचं पुस्तक उघडायचे, एखादं पान वाचायचे, बंद करायचे. वाक्यं सगळी नीट होती, पण मला ती ओळखू येत नव्हती. माझ्या कानात बाबांचा आवाज होता आणि पानावर दुसऱ्याच कोणाचा तरी. शेवटी रविवारी बाबाच म्हणाले, "इथं नुसती धूळ खाऊन राहिलो. तुझी काकू म्हणायली, मुळशीला मोठं पाणी आहे. चल, पाणी बघून येऊ."

घोटवड्याकडून जीपने पौडला गेलो आणि तिथून ताम्हिणीकडे जाणारी एसटी धरली. बाबांनी खिडकीची जागा घेतली आणि ते नव्या डोळ्याने सगळं वाचत होते: दुकानांच्या पाट्या, विटांच्या भट्टीवरची नावं, मैलाचे दगड. माले गाव मागे पडलं, आणि पुढे वळणावर मुळशी धरणाचं पाणी उघडं झालं तसे ते उभेच राहिले. कंडक्टर म्हणाला, "आवं बाबा, बसा, पडाल." पण बाबांनी त्याला दोरी ओढायला लावून गाडी थांबवली.

उतारावरून पाण्याजवळ गेलो. वारं जोराचं होतं. बाबांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि एका सपाट दगडावर बसले. मी उभीच होते. मला बसवत नव्हतं.

"ती खरी होती," ते म्हणाले.

"कोण?"

"नाववाली. आमच्या गावात शाळा कुठं होती? शाळेला जायचं तर गंगा ओलांडावी लागायची." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "नाव एका बाईची. नवरा वारल्यावर तिनं वल्हं हातात घेतलं. आधी लोक बसायला भ्यायचे, मग सवय झाली. मोठ्या माणसांकडून धान्य घ्यायची. पोरांकडून काही नाही. फक्त येताना म्हणायची, आज गुरुजीनं काय सांगितलं ते सांग."

मी खाली बसले.

"का पण?"

"का म्हणजे? तिला ऐकायचं असायचं. तिला कोण सांगणार दुसरं! कोणी पाढा म्हणायचं, कोणी कविता. ती वल्हं मारत ऐकायची. पाढे तिला आवडायचे नाहीत, त्यात पुढं काय होतं ते कळतंच, म्हणायची."

"आणि तुम्ही काय सांगायचात?"

बाबा हसले. "मी शाळेत कुठं जायचो रोज! पलीकडे मळ्यांमध्ये पेरू, बोरं. संध्याकाळी नावेत बसलो की माझी पाळी यायची. मग द्यायचो ठोकून. गुरुजी म्हणाले अमक्या देशात पाऊस खालून वर पडतो. गुरुजी म्हणाले तमक्या देशात माणसं झोपेत वयानं लहान होतात. बाकीची पोरं तोंड दाबून हसायची."

"तिला कळायचं नाही?"

"कळत असणार. पण तिनं कधी म्हटलं नाही की खोटं आहे. एकदा मी सांगितलं, एका देशात नदी डोंगर चढते. तर वल्हं थांबवलं तिनं. म्हणाली, मग तिथं नाव हाकायची म्हणजे फार जोर लागत असेल. कोण हाकतं? मी म्हणालो, बाईच हाकते. पुन्हा वल्हं मारायला लागली. काठाला लागल्यावर म्हणाली, उद्या तिचं पुढचं विचारून ये गुरुजीला."

"मग?"

"मग काय. रोज तिचं पुढचं सांगावं लागलं. शाळा बुडवायची सोयच राहिली नाही, कारण दिवसभर पुढचं काय ते जुळवत बसायचो. त्यापेक्षा वर्गात बसलेलं बरं."

मला हसू आलं. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं. बाबांना माहीत नव्हतं. ते पुढच्या शिक्षणाला मामाकडे गेले, मग नदीवर पूल झाला, गावी जाणं कमी झालं. "तिचं नावसुद्धा माहीत नाही मला," ते म्हणाले. "सगळे तिला नाववालीच म्हणायचे."

आम्ही परतीच्या एसटीची वाट बघत रस्त्याला उभे राहिलो. मी म्हणाले, "पाण्याकडे बघ, दिसेल ते सांग, असं म्हणायची ना ती?"

बाबा विचारात पडले. "नाही बुवा. असं कधी म्हणाली नाही. आणि मीही सांगितलं नसेल. मी सांगत असताना तू बरेचदा मधेच झोपायचीस. ते तुझंच असेल."

एसटी आली. मी पौडपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होते. त्या एका वाक्यावर मी कितीतरी संध्याकाळी काढल्या होत्या, आणि आता ते कोणाचं तेच कळेना.

त्या रात्री मी संकेतस्थळावर दोन ओळी लिहिल्या: नाववाली पुस्तकात नाही, ती आमच्या घरातली होती. लगेच उत्तर आलं, "मग तिची गोष्ट सांगा." मी सुरुवात करून तीनदा पुसली आणि संगणक बंद केला.

आता बाबांनी ते पुस्तक हातात घेतलं. चष्मा नवा, डोळा नवा, अक्षरं मोठी. सकाळी काकूंच्या गच्चीवर वाळवणाच्या शेजारी खुर्ची टाकून वाचायचे. तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. त्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत कधी वाचलंच नव्हतं. शेवटाआधीच मला स्वतःचं स्वतः वाचता यायला लागलं होतं आणि शेवट तेवढा वाचायला मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ते मिटलं.

"काय वाटलं?" मी पिशवी भरता भरता विचारलं.

"छान आहे. शेवट फसलाय."

मी पिशवी खाली ठेवली. "शेवट फसलाय? बाबा, शेवट म्हणजे तर... वारा सुटतो, सगळं गाव नाचतं!"

"सुटतो ना. आणि त्या म्हाताऱ्याचा दिवा विझतो. मग त्याचं काय? त्याला तसाच अंधारात बसवून ही पोरगी टिटवी घेऊन घरी जाते. असं कुठं असतं का?"

"तो दुष्ट होता!"

"दुष्ट कसला, भित्रा होता. सिनेमात बघ, ती त्याचा हात धरून त्याला उजेडात आणते. ते बरोबर केलंय त्यांनी."

"तेच तर गुळगुळीत केलंय! सगळं गोड करून टाकायचं! पुस्तकात तो एकटा राहतो म्हणून तर ते लक्षात राहतं."

"तुझ्या राहिलं असेल. मला नाही पटलं."

"तुम्हाला सिनेमाच आवडला असं सरळ म्हणा."

"आवडला. म्हणायलो की. राघू पण आवडला."

आमचे आवाज इतके वाढले की काकू ओल्या हातांनी जिन्यात आल्या. "आवं, काय चाललंय? जायच्या दिवशी बापलेकी भांडताय का काय?"

"तुम्हीच सांगा," बाबा त्यांच्याकडे वळले आणि त्यांना म्हाताऱ्या राजाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. मी मधेच दुरुस्त करत होते. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवट आल्यावर त्या म्हणाल्या, "मंग एवढ्या वाऱ्यात दिवा लावायला त्याला आडोसा का न्हाई करून दिला कुणी? दोन फळ्यांचं तर काम हाय."

"दोन फळ्या," बाबा पुटपुटले. मग बाबांनी घड्याळ बघितलं आणि पिशवी उचलली. शिवाजीनगरच्या स्टँडवर परभणीची गाडी लागेपर्यंत ते आडोशाचाच विचार करत होते. फळ्या कुठून आणणार, त्या किल्ल्यात लाकूड होतं का, पोरीच्या हातून तेवढं काम होईल का. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून त्यांनी मला काहीतरी ओरडून सांगितलं. मला फक्त "टिटवी" एवढंच ऐकू आलं.